मेंदू, रक्त आणि डॉ. हार्वे कुशिंग

मुलांच्या ओळखपत्रावर नाव, इयत्ता आणि पत्ता यांच्या खाली एक लहानसा चौकोन असतो : रक्तगट. तो भरून दिला की वर्षभर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पण घरात कोणाला मेंदूत गाठ निघाली, ऑपरेशन ठरले, की त्या चौकोनाला एकाएकी महत्त्व येते. दिल्लीला न्यायचे की इथेच जे. ए. एच.ला दाखवायचे ही चर्चा संपायच्या आत काका, मामा, शेजारी सगळे आपापला गट सांगू लागतात. रक्ताच्या किती पिशव्या लागतील? कोणाचा गट जुळतो? आणि मग हळूच विचारला जाणारा प्रश्न : अमुक गटाच्या माणसाला रक्त जास्त जाते का हो, किंवा त्याच्या रक्ताच्या गुठळ्या जास्त होतात का?

विद्यार्थी मित्रांनो, हे सगळे प्रश्न ज्याच्या आयुष्याला चिकटून होते अशा एका शल्यविशारदाची ओळख या अंकात करून द्यावी असे आम्हांस वाटले. त्याचे नाव डॉ. हार्वे कुशिंग. मेंदूची शस्त्रक्रिया हा वैद्यकातला स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला तो प्रामुख्याने या माणसामुळे.

कुशिंग यांचा जन्म ८ एप्रिल १८६९ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड या गावी झाला. दहा भावंडांत हे धाकटे. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. येल विद्यापीठातून १८९१ साली पदवी घेऊन ते बोस्टनला हार्वर्डच्या वैद्यकीय शाळेत गेले. हात चित्रकाराचा होता. पुढे केलेल्या शस्त्रक्रियांची चित्रे ते स्वतःच काढून ठेवीत आणि ती इतकी स्वच्छ असत की आजही पुस्तकांत छापली जातात.

शिकत असताना घडलेली एक गोष्ट त्यांना जन्मभर पुरली. त्या काळी रोग्याला ईथरची भूल देण्याचे काम विद्यार्थ्यांकडे सोपवीत. शिकवणे फारसे नाही, समोर माणूस आणि हातात ईथरचा फडका. कुशिंग भूल देत असतानाच एक रोगी दगावला. हा धंदाच सोडून द्यावा असे त्यांच्या मनात आले होते. सोडला मात्र नाही. त्याऐवजी त्यांनी आणि त्यांचा सहाध्यायी एमरी कॉडमन याने १८९४ च्या सुमारास एक कागद आखला. भूल चालू असताना दर काही मिनिटांनी नाडी किती, श्वास किती, हे त्यावर टिपत जायचे. कोणाचा रोगी जास्त सुखरूप राहतो यावर दोघांनी एका जेवणाची पैजही लावली होती म्हणे. आज कोणत्याही ऑपरेशन थिएटरात रोग्याच्या उशाशी जो तक्ता असतो त्याचा हा आरंभ.

पदवीनंतर ते बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. विल्यम हॉलस्टेड यांच्या हाताखाली रुजू झाले. हॉलस्टेड यांच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण रक्ताची गोष्ट तिथूनच सुरू होते. त्यांच्या आधीचे सर्जन वेगाला फार मान देत. भुलीच्या आधीच्या काळची ती सवय होती. हॉलस्टेड उलट. सावकाश कापायचे, प्रत्येक रक्तवाहिनी चिमट्यात धरून बांधायची, मांस ओढायचे नाही, जखम कोरडी ठेवायची. याच हॉलस्टेड यांनी १८८१ साली एक धाडस केले होते. त्यांची बहीण बाळंतपणात रक्त जाऊन मरणाच्या दारी होती. त्यांनी सुईने स्वतःच्या अंगातले रक्त काढून तिच्या शिरेत घातले, आणि बहीण वाचली. रक्तगट असे काही असते हे तेव्हा जगात कोणालाच ठाऊक नव्हते. दोघांचे रक्त जुळले हा निव्वळ योग. जुळले नसते तर भावाच्याच हातून बहिणीचा जीव जाण्याची वेळ आली असती. त्या काळात असे रक्त दिलेले कितीतरी रोगी दगावले, आणि का दगावले ते कोणाला कळत नव्हते.

१९०० साली कुशिंग वर्षभरासाठी युरोपात गेले. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे कोखर या नामवंत सर्जनांकडे त्यांनी प्रयोग केले. कवटी ही बंद पेटी आहे. तिच्या आत दाब वाढला तर काय होते? त्यांना दिसले की दाब वाढत जातो तसा शरीराचा रक्तदाब चढत जातो आणि नाडी मंदावत जाते. मेंदूला रक्त मिळावे म्हणून शरीराने चालवलेली ती धडपड असते. या लक्षणाला आजही कुशिंग यांचेच नाव आहे. आमच्या विषयाच्या दृष्टीने ही त्यांची मोठी देणगी होय. मेंदूच्या ऑपरेशननंतर आत रक्त साचू लागले तर बाहेर काही दिसत नाही. पट्टी कोरडीच असते. पण रोगी अधिक गुंगत जातो, रक्तदाब चढतो, नाडी मंद होते. ऑपरेशननंतरच्या पहिल्या रात्री नर्सबाई पुन्हा पुन्हा येऊन रोग्याला हाक मारतात, डोळ्यांत विजेरी पाडतात, दाब मोजतात, त्याचे कारण हेच. घरच्यांना वाटते, जरा झोप लागली होती ती मोडली.

त्याच प्रवासात इटलीत पाव्हिया येथे त्यांनी दंडाला गुंडाळायची रबरी पट्टी पाहिली. रिव्हा-रोची नावाच्या डॉक्टरांनी तयार केलेले ते रक्तदाब मोजण्याचे साधन. कुशिंग यांनी त्याचे चित्र काढून घेतले आणि १९०१ साली ते साधन अमेरिकेत नेले. आज घरोघरी आजोबांच्या कपाटात जे यंत्र असते त्याचा हा पूर्वज.

आणि याच सुमारास, १९०० ते १९०१ मध्ये, व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर हे आपल्या सहकाऱ्यांचे रक्त एकमेकांत मिसळून पाहत होते. काही मिश्रणे नितळ राहत, काहींत तांबड्या पेशींचे पुंजके होत. त्यावरून त्यांनी रक्ताचे ए, बी आणि आज ज्याला ओ म्हणतात असे तीन गट पाडले. एबी हा चौथा पुढच्याच वर्षी सापडला. कुशिंग आणि लँडस्टायनर या दोघांचे काम एकाच वेळी, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या शहरांत चालले होते. त्या कामांची गाठ मात्र पुढे रोग्याच्या खाटेशी पडली. तिलाही वेळ लागला. रक्त देण्याआधी दोघांचे रक्त जुळवून पाहण्याची पद्धत १९०७ च्या सुमारास न्यूयॉर्कात सुरू झाली. काढलेले रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालण्याची युक्ती १९१४-१५ सालची. रक्तपेढी या नावाने रक्त साठवून ठेवणारी संस्था शिकागोत निघाली ती १९३७ साली. कुशिंग यांनी बहुतेक काम केले ते पेढी नसताना.

आता मेंदूतले रक्त थांबवणे इतके अवघड का, ते पाहू. पोटातली किंवा पायातली रक्तवाहिनी तुटली तर सर्जन ती चिमट्याने धरून दोऱ्याने बांधतो. मेंदू लोण्यासारखा मऊ. तिथे चिमट्याची ओढ बसली की वाहिनी आणखी फाटते, आणि शेजारचा भाग दुखावला तर हात जातो, वाचा जाते, दृष्टी जाते. त्यात गाठीला स्वतःच्या वाहिन्यांचे जाळे असते. डोक्याच्या कातडीतूनही भरपूर रक्त येते, हे पडून डोके फुटलेल्या कोणत्याही मुलाच्या आईला ठाऊक आहे! कवटीच्या हाडातून पाझरते ते वेगळेच.

कुशिंग यांनी यांतल्या एकेका वाटेला बांध घातला. कातडीतून जाणारे रक्त आवळून धरण्यासाठी डोक्याभोवती हवा भरलेली पट्टी. कापसाचे ओले तुकडे हलके दाबून धरून वाट पाहायची. जिथे काहीच चालत नाही तिथे रोग्याच्याच स्नायूचा लहानसा तुकडा ठेवायचा, कारण ताज्या स्नायूने रक्त लवकर गोठते. आणि १९११ साली त्यांनी प्रसिद्ध केलेली चांदीची क्लिप : तारेचा इवलासा वाकवलेला तुकडा. दोरा पोहोचत नाही अशा खोल जागी वाहिनीवर बसवून चिमट्याने दाबला की वाहिनी बंद. तो तिथेच कायमचा राहू द्यायचा. साधन अगदी साधे, पण त्यामुळे आजवर अशक्य म्हणून सोडलेल्या गाठींपर्यंत हात पोहोचू लागला.

तरीही रक्त आवरेनासे झाले तर? तर ते थांबत. डोके मिटून घेत, आणि काही दिवसांनी रोगी सावरल्यावर पुन्हा उघडत. यात त्यांना कमीपणा वाटत नसे. आमच्या मते त्यांच्या यशाचा मोठा वाटा या थांबण्यात आहे.

१९१० साली त्यांच्याकडे एक बडा रोगी आला. जनरल लेनर्ड वुड, अमेरिकन सैन्यातला फार वरचा अधिकारी आणि शिक्षणाने स्वतः डॉक्टर. मेंदूवरच्या आवरणातून वाढलेली गाठ होती. अशा गाठींना मेनिंजिओमा हे नाव पुढे कुशिंग यांनीच १९२२ साली दिले. अशा गाठीला रक्तपुरवठा फार. कुशिंग यांनी काम दोन टप्प्यांत केले. पहिल्या वेळी डोके उघडून मिटले, काही दिवसांनी पुन्हा उघडून गाठ काढली. वुड उठून बसले, कामावर गेले, त्याच वर्षी सैन्याचे प्रमुख झाले. १९२० साली ते राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीतही होते, पुढे फिलिपाइन्सचे गव्हर्नर जनरल झाले. मेंदूची गाठ काढलेला माणूस देशाचा कारभार चालवू शकतो हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले. कुशिंग यांचे नाव त्यामुळे सर्वतोमुखी झाले. या वुड यांच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

१९१२ साली कुशिंग बोस्टनला आले. तेथील पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालय आणि हार्वर्ड येथे पुढची वीस वर्षे त्यांनी काढली. माणूस म्हणून ते सोपे नव्हते. हाताखालच्या डॉक्टरांना फार टाकून बोलत, श्रेयाच्या बाबतीत हात आखडता घेत, आणि वॉल्टर डँडी या आपल्याच तोलाच्या शिष्याशी त्यांचे कायमचे वाकडे आले. थोरांच्या चरित्रात अशा गोष्टी गाळण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्ही त्या गाळत नाही. रोग्याशी मात्र ते वेगळेच असत. पट्टी स्वतः बदलत, घरच्यांना पत्रे लिहीत, आणि बरे होऊन गेलेल्या रोग्यांनी दरवर्षी खुशाली कळवावी असा आग्रह धरीत.

पहिल्या महायुद्धात ते १९१५ साली पॅरिसजवळच्या रुग्णालयात आणि १९१७ पासून ब्रिटिश आघाडीमागच्या तंबूंत होते. (त्या युद्धात ग्वाल्हेरचाही हात लागला होता. माधवराव महाराज शिंदे यांच्या पुढाकाराने एक मोठे प्रवासी जहाज विकत घेऊन त्याचे लॉयल्टी या नावाचे रुग्णालय-जहाज केले होते, आणि त्यातून जखमी हिंदी सैनिकांची ने-आण होई.) डोक्यात गोळ्यांचे तुकडे घुसलेले शिपाई कुशिंग यांच्यापुढे रांगेने येत. खिळ्याला लोहचुंबक लावून ते तुकडे बाहेर काढत. डोक्याच्या अशा जखमांत निम्म्याहून अधिक शिपाई मरत असत. कुशिंग यांच्या पद्धतीने तीन महिन्यांत हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आत आले.

ऑगस्ट १९१७ मध्ये एका रात्री त्यांना निरोप आला की त्यांचे गुरुतुल्य मित्र सर विल्यम ऑस्लर यांचा मुलगा रिव्हेअर जखमी होऊन पडला आहे. एकुलता एक मुलगा. कुशिंग पावसाचिखलातून धावले. क्लीव्हलँडचे डॉ. क्राइल हेही तिथे आले. रक्त देण्याच्या कामात त्यांचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. रक्त दिले, शस्त्रक्रिया झाली. पहाटे मुलगा गेला. ऑस्लर यांच्या निधनानंतर कुशिंग यांनी त्यांचे दोन खंडांचे चरित्र लिहिले आणि त्याला १९२६ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

ते १९२६ साल त्यांच्या आयुष्यातले सर्वांत जड साल असावे. जूनमध्ये त्यांचा थोरला मुलगा विल्यम, येलमध्ये शिकणारा, मोटार अपघातात गेला. बातमी सकाळी आली. कुशिंग यांनी पत्नीला ती सांगितली, आणि ठरलेली शस्त्रक्रिया करण्यासाठी ते रुग्णालयात गेले. कोणी म्हणेल दगडाचे काळीज. आम्हांस तसे वाटत नाही. टेबलावर दुसऱ्या कोणाचे तरी माणूस वाट पाहत होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या १ तारखेला ब्रिगहॅममध्ये एक नवे यंत्र आले. हार्वर्डचे शास्त्रज्ञ विल्यम बोव्ही यांनी ते बनवले होते. विजेच्या वेगवान प्रवाहाने मांस कापायचे आणि त्याच विजेने वाहिनीचे तोंड भाजून बंद करायचे. रोगी एक वयस्क गृहस्थ, कवटीवर रक्ताने भरलेली गाठ. तीनच दिवसांपूर्वी कुशिंग यांनी ती काढायला घेतली होती आणि रक्त आवरेना म्हणून अर्ध्यावर सोडली होती. आता बोव्ही यंत्र लावले. एकेक तुकडा कापत, भाजत गाठ निघाली. त्या दिवसाची एक गंमत नोंदली गेली आहे. रोग्याला रक्त देण्यासाठी एक विद्यार्थी तिथेच बसवून ठेवला होता, कारण दुसरी सोय नव्हती. जळक्या वासाने आणि रक्ताच्या दर्शनाने तो घेरी येऊन बसल्या जागेवरून कोसळला! रोगी मात्र वाचला. विजेने रक्त थांबवण्याचे ते साधन पुढे सुधारत गेले आणि आज लहानमोठ्या प्रत्येक ऑपरेशनला वापरतात. कुशिंग यांनी पूर्वी काढता न आलेल्या गाठींच्या रोग्यांना बोलावून घेतले आणि पुन्हा शस्त्रक्रिया सुरू केल्या.

आता जनरल वुड. त्यांची गाठ पुन्हा वाढली होती. डावी बाजू लुळी पडत चालली, दृष्टी अधू झाली, तरी ते मनिलात काम करीत राहिले. १९२७ च्या ऑगस्टमध्ये ते बोस्टनला आले. हाताशी आता चांदीच्या क्लिपा होत्या, बोव्ही यंत्र होते, सतरा वर्षांचा जास्तीचा अनुभव होता. कुशिंग यांनी अनेक तास खपून गाठ काढली. पण नंतर मेंदूच्या आत रक्तस्राव झाला आणि ७ ऑगस्ट १९२७ रोजी वुड मरण पावले. ज्या रोग्याने कुशिंग यांना नाव मिळवून दिले तोच रोगी ज्याच्याशी ते जन्मभर झगडले त्या रक्ताने नेला. कुशिंग अतिशय खचले. काही दिवसांनी पुन्हा टेबलाशी उभे राहिले.

१५ एप्रिल १९३१ रोजी त्यांनी तपासणीने सिद्ध झालेल्या मेंदूच्या गाठींपैकी दोन हजारावी गाठ काढली. अखेरच्या वर्षांत त्यांच्या हातून दगावणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या खाली आले होते. लक्षात घ्या, तेव्हा सी. टी. स्कॅन नव्हते, पेनिसिलिन नव्हते, रक्तपेढी नव्हती. १९३२ साली त्यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या एका रोगाचे वर्णन केले आणि तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, मिळाले मात्र नाही.

इथवर रक्त वाहण्याची गोष्ट झाली. रक्ताला दुसरी खोडही आहे, ती म्हणजे नको तिथे गोठण्याची. मेंदूच्या पेशींत रक्त गोठवणारा पदार्थ विपुल असतो. काही घातक गाठी तर असे पदार्थ रक्तात सोडतच असतात. शिवाय रोगी अंथरुणाला खिळलेला, एखादा पाय लुळा. मग पोटरीतल्या खोल शिरेत गुठळी धरते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर बरा होत आलेला माणूस अचानक जातो. ग्लिओब्लास्टोमा या घातक गाठीच्या रोग्यांपैकी निदान पाचात एकाला आजारपणात कधी ना कधी अशी गुठळी होते. म्हणून आजच्या सर्जनांना दोन्ही थडींकडे पाहावे लागते. पहिल्या दिवशी भीती रक्त जाण्याची, म्हणून रक्त पातळ करणारे औषध लगेच देता येत नाही. पायांना हवेने दाबणाऱ्या पट्ट्या बांधतात, लवकर उठवून बसवतात, आणि सर्जनला ठीक वाटेल तेव्हा, बहुधा एक दिवस उलटल्यावर, हेपारिनची इंजेक्शने सुरू करतात.

याच ठिकाणी रक्तगटाचा प्रश्न येतो. ए आणि बी हे गट म्हणजे तांबड्या पेशींवरच्या साखरेच्या साखळ्यांची टोके. ती टोके फक्त पेशींवर नसतात, रक्त गोठण्याला मदत करणाऱ्या व्हॉन विलेब्रँड नावाच्या प्रथिनावरही असतात. ज्यांच्या प्रथिनावर ती नाहीत त्यांचे, म्हणजे ओ गटवाल्यांचे, प्रथिन रक्तातून लवकर निघून जाते. त्यामुळे ओ गटात त्याचे प्रमाण सरासरीने पाऊण हिश्श्याच्या आसपास असते. परिणाम असा की ए, बी आणि एबी गटांच्या माणसांना शिरेत गुठळी होण्याचा संभव ओ गटापेक्षा दीड-दोन पट. मेंदूच्या घातक गाठींच्या रोग्यांतही ए आणि एबी गटांत गुठळ्या जास्त आढळल्या, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. तो अभ्यास जॉन्स हॉपकिन्समधला, म्हणजे जिथे कुशिंग यांनी आपले काम आरंभले तिथलाच. ओ गटाच्या रोग्याला मेंदूच्या ऑपरेशननंतर हमखास जास्त रक्त जाते, असे मात्र ठामपणे सिद्ध झालेले नाही. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आढळले आहे.

पालकांनी यातून घाबरून जाऊ नये. गट पाहून कोणी ऑपरेशन नाकारत नाही. सर्जनला त्याहून कितीतरी जास्त उपयोगाची माहिती घरच्यांपाशी असते : रोगी रोज ॲस्पिरिन घेतो का, हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, दात काढल्यावर किंवा आधीच्या एखाद्या ऑपरेशनात रक्त थांबेना असे झाले होते का, घरात कोणाला पायात गुठळी झाली होती का. वैद्याच्या पुड्याही सांगाव्यात. आणि घरी आल्यावर एका पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा एकाएकी धाप लागली तर उद्यावर न टाकता तडक रुग्णालयात जावे.

रक्तगटाचा खरा उपयोग आजही लँडस्टायनर यांच्या वेळचाच, जुळणारे रक्त मिळण्यासाठी. त्यातही एक गोष्ट आपल्या माणसांची आहे. १९५२ साली मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातील डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे, डॉ. भाटिया आणि त्यांचे सहकारी यांनी एक असा गट शोधला की ज्याला ओ गटाचेही रक्त चालत नाही. ए आणि बी ज्या पायावर उभे राहतात तो पायाच त्यांच्या पेशींवर नसतो. साध्या तपासणीत हे रक्त ओ असल्यासारखे दिसते, पण पुढची तपासणी न करता त्या माणसाला ओ गटाचे रक्त चढवले तर प्राणावर बेतते. जगभर त्याला बॉम्बे गट म्हणतात. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एकाचा असतो. तेव्हा रक्तपेढीत जुळणीला तासभर लागला म्हणून काउंटरवर वाद घालू नये.

कुशिंग यांच्या शेवटाविषयी सांगायचे राहिले. सिगारेटचे व्यसन त्यांना जबर होते. युद्धात झालेल्या आजाराने पाय बधिर झाले होते ते पुढे कधी नीट सुधारले नाहीत, आणि वाढत्या वयात पायांच्या रक्तवाहिन्याच बंद होत गेल्या. चार पावले चालले की पोटऱ्या दुखत. जो हात रक्त थांबवण्यात जगात पहिला, त्याच्याच पायांत रक्त पोहोचेनासे झाले. १९३३ साली ते येलला परत गेले, जुने वैद्यकीय ग्रंथ जमवीत राहिले. १९३९ च्या ऑक्टोबरात व्हेसेलियस या जुन्या शरीरशास्त्रज्ञाचा एक जड ग्रंथ उचलताना त्यांच्या छातीत कळ आली असे सांगतात. हृदयविकाराच्या त्या झटक्यातून ते उठले नाहीत. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी, सत्तराव्या वर्षी, ते गेले. शवविच्छेदनात त्यांच्या स्वतःच्या मेंदूत एक लहानशी गाठ सापडली, जिने त्यांना हयातीत कधी त्रास दिला नव्हता.

त्यांच्या हाताखाली काही काळ काम केलेले पेनफील्ड पुढे कॅनडात माँट्रियल येथे नामवंत झाले. पेनफील्ड यांच्याकडे शिकून आलेल्या डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ साली वेल्लोर येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा आपल्या देशातला पहिला विभाग उघडला. ग्वाल्हेरचे गजरा राजा मेडिकल कॉलेज तेव्हा अवघे तीन वर्षांचे होते.

कुशिंग यांनी आपल्या रोग्यांच्या गाठी, मेंदू, फोटो आणि कागद जपून ठेवले होते. ते सारे येलला गेले, कित्येक वर्षे तळघरात धूळ खात पडले, आणि २०१० साली तेथील वैद्यकीय ग्रंथालयात नीट मांडून लोकांसाठी खुले झाले. जनरल वुड यांचा मेंदूही येलच्या त्याच संग्रहात आहे.